परक्याने आपली भाषा शिकावी, पण कोणाच्या वेळात?

पालघराहून बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे कोळगाव आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा निराळा जिल्हा झाला, आणि पुढे जिल्ह्याची मुख्य कचेरी याच गावी उभी राहिली. उत्तरेस तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, झारखंड अशा दूरच्या प्रांतांतून आलेले हजारो लोक काम करितात. या लोकांच्या भाषेविषयी आपल्या मंडळ्यांत दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, आले त्यांनी मराठी शिकावी. कोणी म्हणतात, बिचारे पोटासाठी आले, त्यांस कशाला त्रास. आपणच हिंदीत बोलावे. पहिल्यांस आपण कठोर म्हणतो व दुसऱ्यांस प्रेमळ. आम्हांस मात्र असे वाटते की दोघेही एकाच कर्तव्यातून अंग काढून घेत आहेत.

काही काळापूर्वी एका मंडळीत झारखंडाहून आलेला एक तरुण उपासनेस येऊ लागला. त्याच्या मुलखात रांचीस १८४५ पासून सुवार्तेचे कार्य चालले आहे, आणि त्याचे आजोबाही ख्रिस्ती होते. घरची भाषा मुंडारी. हिंदी तो शाळेत शिकला. तो मागल्या बाकावर बसे, गीताच्या वेळी ओठ हलवी व उपदेशाच्या वेळी जमिनीकडे पाहत राही. चार-पाच रविवार गेल्यावर एका सभासदाने त्यास गोड शब्दांत सांगितले की, भाऊ, जेथे हिंदी उपासना होते तेथे गेलास तर तुला बरे वाटेल. तो पुन्हा आला नाही. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. आम्ही तेथेच उभे होतो, आणि आम्हीही काही बोललो नाही.

हिंदी बोलून आपण अर्धी वाट चालून गेलो, अशी आपली समजूत असते. परंतु या तरुणाची ती मायबोली नव्हतीच. शिवाय त्या हिंदीवर बाजारहाट होतो, पण ग्रामसभेतील बोलणे, तलाठ्याचा कागद, लेकराच्या शाळेतून आलेली चिठ्ठी, यांपैकी काहीच त्याच्या हाती लागत नाही. दयेने बोललेली हिंदी पाहुण्यास ओट्यावर बसविते, घरात घेत नाही.

आता कठोरपक्षाकडे पाहू. २०२५ साली आपल्या राज्यात मराठी येत नाही म्हणून माणसांवर हात उगारल्याच्या वार्ता आल्या. शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यार्देनेच्या उताराची गोष्ट आहे. गिलादी लोकांनी पळून येणाऱ्या प्रत्येकास एक शब्द उच्चारावयास लाविला. ज्यास 'शिब्बोलेथ' न म्हणता येऊन 'सिब्बोलेथ' असे येई, तो एफ्राइमी ठरून मारला जाई. असे बेचाळीस हजार पडले. त्या उतारावर परीक्षा होती, शाळा नव्हती. जो शिकवीत नाही त्यास परीक्षा घेण्याचा अधिकार कोठून आला?

तथापि त्याने मराठी शिकावी हे आम्हांसही मान्य आहे, आणि ते आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. वीस वर्षे एखाद्या गावचे पाणी पिऊन तेथील शेजाऱ्याचे सुखदुःख कळू नये, यात त्याचीच अधिक हानी आहे. प्रश्न वेळेचा आहे. १८१३ साली गॉर्डन हॉल मुंबईस आले, तेव्हा त्यांस मराठी येत नव्हती. त्यांच्यामागून आलेल्या कित्येक मिशनऱ्यांची पहिली एक-दोन वर्षे पंडितांपाशी भाषा शिकण्यातच गेली, आणि त्या काळातही त्यांचा निर्वाह मिशन चालवी. विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापिले, त्यामागे वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. भाषा शिकणे हा कामाचाच भाग, असे सर्वांनी धरिले होते. मग बारा तासांची पाळी करून, नळावर रांग लावून, स्वतःची भाकरी थापून जो जमिनीवर आडवा होतो, त्यानेच तेवढी भाषा झोपेतून काढून शिकावी काय?

या बाबतीत स्वीडन देशाचे उदाहरण जाणण्याजोगे आहे. तेथील कारखान्यांत फिनलंड, युगोस्लाव्हिया, ग्रीस अशा देशांतून मजूर आले. १९६५ पासून सरकारने त्यांच्यासाठी स्वीडिश भाषेचे फुकट वर्ग सुरू केले. पण शिक्षक फुकट मिळाला म्हणून दमलेल्यास वेळ मिळत नाही. १९७२ साली कायदा झाला की परदेशी मजुरास भाषा शिकण्यासाठी २४० तासांपर्यंत रजा द्यावी, आणि त्या तासांची मजुरी धन्याने भरावी. २४० तासांत कोणी पंडित होत नाही, हे खरे; पण ज्यास दुसऱ्याचे श्रम हवेत त्यावर त्याच्या भाषेचेही काही देणे आहे, ही गोष्ट कायद्यात आली. आपल्या देशात केरळाच्या साक्षरता मिशनने २०१७ साली पेरुंबावूर येथे बाहेरून आलेल्या मजुरांस मल्याळम शिकविण्यास आरंभ केला. त्या योजनेचे नाव 'चंगाती', म्हणजे मित्र.

आपले काम तर त्याहून सोपे आहे. हिंदी वाचणाऱ्यास आपली अक्षरे पहिल्याच दिवशी येतात. 'ळ' तेवढा अडवितो. ओडिशाच्या माणसास लिपी निराळी, त्यास थोडे अधिक तास लागतील.

जवळचाच एक धडा आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडास आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. मुलांनी गुरे टाकून यावे असे त्यांनी म्हटले नाही. आमच्या वाचकांत वारली, मांगेली, वाडवळी बोलणारी घरे पुष्कळ आहेत. पुस्तकी मराठी त्यांच्या वडीलधाऱ्यांसही शिकावीच लागली, आणि वर्गात कोण हसले हे ते विसरले नाहीत. तेव्हा कोणी 'माझा बायको' म्हणाला तर निदान आपण हसू नये. त्याने आपली मुंडारी टाकावी असेही म्हणू नये. पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत प्रत्येकाने आपापल्याच भाषेत ऐकिले.

कारखानदारांनी पाळीतला एक तास द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि मंडळ्यांनी मिळून ते त्यांच्याकडे मागावे. ते देईपर्यंत तो तास आपल्यातून गेला पाहिजे, आणि तो त्यांच्या खोलीवर जाऊन. उपासनेतील बाके भरावीत म्हणून नव्हे. गेल्या महिन्यात आम्ही दोघे-तिघे एका चाळीत गेलो व आधी कोणते शब्द हवेत असे विचारिले. हजेरी, कपात, भोवळ, डोळ्यांची जळजळ, असे शब्द निघाले. एकाने शेवटी विचारिले की, शेजारची म्हातारी बाई रोज माझ्याकडे पाहून हसते, तिला काय म्हणून हाक मारावी? आम्ही सांगितले, आजी म्हण. त्याने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.