स्फूर्ती की स्वैराचार?

गोकुळ रोडवरील एका घरी सोमवारच्या भजनात एका तरुणाने ऐनवेळी वचनाला नवीच चाल लावली. वडीलधाऱ्यांनी त्याला थांबवले. ते योग्य झाले का?

सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजेच कुमार गंधर्व, १९४८ साली क्षयाने जर्जर होऊन देवासला राहावयास गेले. काही वर्षे गाणे बंद. अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीते कानी पडत. त्या धुनांतून पुढे त्यांनी नवे राग बांधले. कित्येकांनी त्यास स्वैराचार म्हटले. पण देवधर मास्तरांकडील तालीम अंगी मुरली नसती, तर धुनेत दडलेला राग त्यांना दिसला असता का? स्फुरण हा प्रसाद खरा, पण तो घेणारी ओंजळ कायकानेच घडते.

त्या तरुणाचा रियाज किती, हे मात्र त्या दिवशी कोणीच विचारले नाही. मीही नाही.