एक क्षण थांबा



आपल्या हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळी संपवून बाहेर पडलेला कामगार चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या गावी आईला पैसे पाठवतो. चहा संपायच्या आत ते पोहोचलेले असतात. मनीऑर्डरसाठी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली वडीलधारी माणसे आपल्यातच आहेत, त्यांना विचारा. म्हणून झटपट ते सारे वाईट, असे मी म्हणणार नाही.

पण पैशाला जो वेग मिळाला, तोच अफवेलाही मिळाला.

१ जुलै २०१८. तो दिवसही रविवारच होता. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तिथे आली. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत गावोगाव फिरणारा हा समाज. मुले पळवणारी टोळी फिरत आहे, असे संदेश त्याआधी कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर येत होते. लोकांना संशय आला. जमावाने त्या पाचही जणांना मारहाण करीत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तिथे त्यांचा जीव घेतला. तुम्ही कोण, कुठले, एवढी चौकशी पुरी होऊ दिली असती, तर पाच घरे उघडी पडली नसती.

त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात आणि शेवटी ते परत आणून देतात. कोणीतरी तो शेवट कापला आणि उरलेले पुढे पाठवले. पाहणाऱ्यांनीही शेवट कुठे आहे हे विचारले नाही. त्याच जुलै महिन्यात कंपनीने आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

राईनपाड्याच्या घटनेच्या बरोबर सात आठवडे आधी, १३ मे २०१८ रोजी, जागतिक संपर्क माध्यम दिन होता. त्यासाठीच्या संदेशात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी खोट्या बातमीचे मूळ एदेन बागेतील सर्पापर्यंत नेऊन दाखवले होते. आपल्या किती जणांनी तो वाचला? खोटी बातमी मात्र प्रत्येकाच्या खिशात न मागता येते.

योहानलिखित शुभवर्तमानाचा आठवा अध्याय आठवा. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला लोकांनी प्रभूपुढे उभे केले. दगड मारायचे की नाही, याचे उत्तर त्यांना तिथल्या तिथे हवे होते. प्रभू काहीच बोलला नाही. तो खाली वाकला आणि बोटाने जमिनीवर लिहू लागला. काय लिहिले ते शुभवर्तमान सांगत नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले, तेव्हा तो उठला, एकच वाक्य बोलला आणि पुन्हा वाकून लिहू लागला. तेवढ्या वेळात जमावातला एकेक माणूस स्वतःकडे पाहू लागला. वयाने मोठे असलेले आधी निघून गेले. दगड जमिनीवरच राहिले आणि ती स्त्री वाचली.

हे लिहिताना माझाच हात थरथरतो. हरवलेल्या एका मुलीचा फोटो मीही एकदा घाईने पुढे पाठवला होता. ती केव्हाच घरी परतली होती, हे नंतर कळले. तोवर तिचे नाव आणि चेहरा किती घरांत गेला असेल, देव जाणे. दया म्हणूनच पाठवला होता, पण एक फोन करून विचारायला मला जमले नाही.

मिस्साच्या आरंभी, पापे कबूल करण्याआधी, आपण थोडा वेळ शांत राहतो. ख्रिस्तसभेने तो वेळ मुद्दाम ठेवला आहे. खरे सांगायचे तर मीच तो उरकून टाकत आलो, कारण पुढे कोणाची पाळी असते, कोणाची बस असते. आजपासून मी तिथे जरा जास्त थांबणार आहे. त्या वेळात कोणाचा मोबाइल वाजलाच, तर वाजू द्या.