शम आणि दम

शांतता आणि स्थैर्य हे दोन शब्द आपण सरसकट एकाच अर्थाने वापरतो. शासनव्यवहारात तर हा संकर अंगवळणीच पडलेला असतो. 'परिस्थिती शांत आहे' असे अहवालात लिहिताना 'हालचाल थांबली आहे' एवढेच बहुधा आपणांस अभिप्रेत असते. पण हालचाल थांबणे म्हणजेच शांत होणे काय? आपल्या वेदान्त्यांनी साधनचतुष्टयाचा विचार करताना दोन निराळे शब्द योजले: बाह्येंद्रियांचा निग्रह तो दम आणि मनाचा निग्रह तो शम. हा भेद नुसता शब्दच्छल नव्हे, याचे एक बोलके उदाहरण आम्हांस अगदी अनपेक्षित ठिकाणी, अतिशीत रेणूंच्या पदार्थविज्ञानात, आढळले.

उष्णता म्हणजे कणांची धावपळ होय. प्रकाशाने वस्तू तापते हा आपला नित्याचा अनुभव. परंतु लेसरच्या प्रकाशाने अणू थंड करता येतील, अशी कल्पना 1975 साली मांडली गेली. ही विद्या विकसित केल्याबद्दल स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानूजी आणि विल्यम फिलिप्स यांना 1997 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिची युक्ती अशी की, प्रकाशाची वारंवारता अणूला मानवणाऱ्या वारंवारतेहून किंचित कमी ठेवावयाची. प्रकाशाच्या दिशेने धावणाऱ्या अणूला ती वाढल्यासारखी होऊन नेमकी जुळते. तो प्रकाश शोषतो आणि उलट धक्का खाऊन मंदावतो. सर्व बाजूंनी असे किरण सोडले की, जिकडे धावावे तिकडून विरोध होतो. हा दमाचा मूर्तिमंत नमुना होय.

रेणूची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. तो धावतो, शिवाय स्वतःभोवती फिरतो आणि त्याचे घटक अणू आपसांत कंप पावतात. प्रकाश शोषून सोडताना तो भलत्याच कंपनावस्थेत उतरतो आणि मग त्या लेसरला तो दिसतच नाही. येल विद्यापीठात 2010 साली स्ट्रॉन्शियम मोनोफ्लोराइडचे रेणू थंड करताना, अशा निसटलेल्यांना परत आणण्यासाठी जादा लेसर योजावे लागले.

त्याआधी, 2008 साली, कोलोरॅडोतील बोल्डर येथे डेबोरा जिन आणि जुन ये यांच्या गटाने दुसरा मार्ग अनुसरला. पोटॅशियम आणि रुबिडियम यांचे अणू आधीच थंड करून, चुंबकीय क्षेत्राच्या साह्याने त्यांच्या जोड्या जमविल्या. या जोड्या बाहेरून विलक्षण निश्चल होत्या. परंतु त्यांचा बंध अत्यंत सैल होता, आणि तळच्या अवस्थेच्या मानाने त्यांच्या अंतरंगात सुमारे 6000 केल्विनशी तुल्य इतकी ऊर्जा कोंडलेली होती. बाहेर केल्विनच्या दशलक्षांशाहूनही कमी तापमान, आणि आत हा संचय! गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्यास मिथ्याचारी म्हटले आहे, त्याची येथे आठवण व्हावी. पुढे दोन लेसरांच्या सुमेळाने हे रेणू तळच्या अवस्थेत उतरविले गेले. ती ऊर्जा उष्णता न होता प्रकाशाबरोबरच निघून गेली आणि रेणूंचे तापमान 350 नॅनोकेल्विनच राहिले.

रेणूला मन नाही, आणि निसर्ग नीतीचे धडे देत नाही, हे आम्ही विसरत नाही. उपमेला प्रमाण मानणे चुकीचेच. पण उपमेने विचार स्पष्ट होत असेल, तर ती त्याज्यही नव्हे. येथे दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, दम व्यर्थ नाही. अणूंची धावपळ आधी आवरली नसती, तर पुढची नाजूक क्रिया साधली नसती. दुसरी ही की, अव्यवस्था नाहीशी होत नाही, ती अन्यत्र जाते. लेसरने अणू शीत झाला, तेव्हा त्याची अव्यवस्था विखुरलेल्या प्रकाशाने वाहून नेली. त्यानंतर अधिक शीतलता मिळवावयाची, ती सर्वांत चपळ अणूंना सापळ्याबाहेर जाऊ देऊन. म्हणून कोठेही शांतता दिसली की, तिचा भार कोणी उचलला आणि कोणाला बाहेर जावे लागले, हे विचारणे प्राप्त होते. ज्यांच्या हाती बंदोबस्त असतो, त्यांनी तर ते प्रथम विचारावे.

शमाने सर्व व्यवहार थंडावेल अशी भीतीही निराधार आहे. त्याच प्रयोगशाळेत 2010 साली असे दिसून आले की, तळच्या अवस्थेतील हे रेणू एकमेकांशी संयोग पावून नवे रेणू घडवितात. आणि एरवी उष्णतेच्या गदारोळात लोपणारे पुंजनियम त्या संयोगाचा वेग ठरवितात. शांत समाजाची परीक्षाही आम्हांस अशीच करावीशी वाटते. तेथे किती हालचाल थांबली, हे मोजून भागणार नाही. तेथील माणसे परस्परांशी कोणत्या नियमाने वागू लागली, हे पाहिले पाहिजे.