रुंदीपाशी बसताना

आज एकच चित्र समोर घेऊन बसायचं आहे. तुमच्या प्रोग्रॅमचा सीपीयूवरचा वेळ कुठे गेला ते दाखवणारा फ्लेम ग्राफ ब्राउझरमध्ये उघडा आणि हात माउसवरून काढून घ्या. अजून काही शोधायचं नाही. केशरी-पिवळ्या पट्ट्या एकीवर एक चढलेल्या आहेत. काहींचे शेंडे टोकदार, काहींचे माथे सपाट. नजर जाईल तिथे जाऊ द्या. ती कुठे गेली, एवढं फक्त ध्यानात ठेवा.

बहुधा ती सगळ्यात उंच सुळक्यावर गेली असेल. जाणारच. पण इथे उंची म्हणजे एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, ती साखळी किती खोल गेली एवढंच. चाळीस पायऱ्यांचा सुळका केसाएवढा बारीक असेल, तर त्याने सीपीयूचा वेळ जवळपास घेतलेलाच नाही. सोडून द्या त्याला. रंगही सोडा. नेहमीच्या फ्लेम ग्राफात ते शेजारच्या पट्ट्या वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून कसेही वाटलेले असतात. गडद लाल पट्टी जास्त तापलेली, असं काही नाही.

आता डावीकडून उजवीकडे वाचायची सवय. ही सुटायला जड जाते, म्हणून घाई नको. आडवी रेघ म्हणजे काळ, हे शाळेतल्या आलेखांपासून डोक्यात बसलंय. या चित्रात मात्र पट्ट्या नावांच्या अक्षरक्रमाने लावलेल्या असतात, म्हणजे एकाच नावाच्या पट्ट्या शेजारी येऊन एकजीव होतात. प्रोग्रॅमने सुरुवातीला केलेलं काम आणि अगदी शेवटी केलेलं काम एकाच पट्टीत मिसळलेलं असू शकतं. आधी काय घडलं नि नंतर काय, हे या चित्राला विचारू नका.

उरली रुंदी. तिच्यापाशी बसा.

प्रोफायलर ठरावीक अंतराने डोकावतो. त्या क्षणी कुठलं फंक्शन चालू आहे आणि त्याला कोणाकोणामार्फत बोलावलं गेलं, तो सगळा स्टॅक टिपून घेतो. लिनक्सवर पर्फ हा प्रोफायलर वापरणारे पुष्कळदा त्याला सेकंदाला ९९ वेळा डोकावायला सांगतात. शंभर का नाही? प्रोग्रॅममधलंच एखादं काम सेकंदाला शंभरदा होत असेल, तर आपण दर वेळी त्याला एकाच अवस्थेत गाठू, नाहीतर दर वेळी चुकवू. मला हा आकडा फार आवडतो. समेवर गाठ पडू नये म्हणून मुद्दाम एक मात्रा कमी केल्यासारखा.

अशा डोकावण्यांत एखादं फंक्शन जितक्यांदा सापडलं, तितकी त्याची पट्टी रुंद. एकदाच बोलावलं आणि रेंगाळलं, की लाख वेळा बोलावलं आणि लगेच परतलं, हे रुंदी सांगत नाही. एकूण वेळ सारखा असेल, तर दोन्हींची पट्टी सारखीच दिसेल.

हे चित्र जन्मलं २०११ मध्ये. ब्रेंडन ग्रेग तेव्हा जॉयंट या कंपनीत होते आणि एक मायएसक्यूएल डेटाबेस अपेक्षेपेक्षा जास्त सीपीयू खात होता. डीट्रेस या साधनाने टिपलेल्या नोंदी ५,९१,६२२ ओळी भरल्या. त्यांत वेगवेगळे स्टॅक २७,०५३. डीट्रेस सर्वांत जास्त वेळा सापडलेला स्टॅक शेवटी छापतो, आणि तो होता शो स्टेटस या आज्ञेचा. थकलेल्या माणसाने तिथेच बोट ठेवलं असतं. सगळे स्टॅक चित्रात एकत्र आल्यावर त्या आज्ञेच्या वाट्याला जेमतेम तीन टक्के आले. खरी रुंदी होती क्वेरीतल्या जॉइनच्या कामाची. ते काम हजारो स्टॅकमध्ये विखुरलेलं होतं, प्रत्येक शेवटी जरासा वेगळा, म्हणून यादीत एकेकटा किरकोळ.

ही गोष्ट थोडा वेळ मनात राहू द्या. सर्वांत जास्त वेळा दिसलेलं आणि सर्वांत मोठं, या दोन गोष्टी इथे वेगवेगळ्या निघाल्या.

आता तळाशी या. सगळ्यात रुंद पट्टीचा हात धरून हळूहळू वर चढा. ज्या पट्टीच्या डोक्यावर काहीच नाही, तेवढ्या भागात ते फंक्शन स्वतः राबत होतं. खालचे सगळे त्याला बोलावणारे. सपाट, रुंद माथा लागला तर थांबा. पण वर चढताना रुंद पट्टी अचानक वीस बारीक फांद्यांत फुटली, तर तिथे जास्त वेळ थांबा. वरच्या कुठल्याच फांदीला दोष देता येणार नाही. ज्याने या सगळ्यांना कामाला लावलं तो फाट्याखालीच आहे, आणि पुष्कळदा ते फंक्शन आपणच लिहिलेलं असतं.

मधूनच तळाला एखादी पट्टी आईबापांविना उभी दिसेल. कंपायलरने फ्रेम पॉइंटर, म्हणजे बोलावणाऱ्यापर्यंत मागे नेणारा दुवा, गाळला की स्टॅक असा तुटतो. फेडोराने २०२३ मध्ये आणि उबुंटूने २०२४ मध्ये आपली पॅकेजेस फ्रेम पॉइंटर ठेवून बांधायला घेतली ती याचसाठी. उशीर झाला, पण बरं झालं.

आणि जे चित्रात नाही, त्याचाही विचार करा. डिस्कची, नेटवर्कची, कुलूप सुटण्याची वाट पाहत निजलेला प्रोग्रॅम सीपीयूवर नसतो, म्हणून या चित्रातही नसतो. वापरणारा ताटकळतोय आणि ग्राफ साधासुधा दिसतोय, तर वाट पाहण्याचा वेगळा ग्राफ काढावा लागतो.

दुरुस्ती करून पुन्हा नोंद घ्याल तेव्हा चित्र पुन्हा पडदाभरच असेल, कारण पूर्ण रुंदी नेहमीच शंभर टक्के. जी पट्टी आटली तिची जागा बाकीच्यांनी वाटून घेतलेली असते. त्यांतली एखादी आधीच्या दीडपट दिसेल आणि तुम्ही तिच्यावर धावून जाल. तिने कदाचित एक मिलिसेकंदही जास्त घेतलेला नसेल. तेव्हा माउस हातात घ्या, पट्टीवर न्या, टक्क्यांच्या शेजारचा सॅम्पलचा, म्हणजे डोकावण्यांचा, आकडा वाचा. आणि त्याआधी, दोन्ही खेपांना प्रोग्रॅमला काम तेवढंच दिलं होतं ना, ते पाहा.