मुक्या जीवांचे ऋण

व्यसन मनुष्याचे. प्रयोगशाळेत यातना मात्र उंदीर भोगतो. शक्य तेथे असे प्रयोग टाळावेत, हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा दंडक आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात ब्रूस अलेक्झांडर यांना आढळले की, पिंजऱ्यात एकाकी ठेवलेल्या उंदरांपेक्षा सोबतीने मोकळे राहणारे उंदीर मॉर्फीनचे पाणी कमी पितात. हे ज्ञान आम्ही मुक्या जीवांकडून घेतले. ते वाया दवडणे ही दुसरी हिंसाच होय. पुण्यातील मुक्तांगण १९८६ पासून व्यसनाधीनांस उपचारासोबत माणसांचा आधार देत आले आहे. आपणही समामधील अशा बांधवास एकाकी पडू देऊ नये. ऋण फेडण्याचा आम्हांस हाच मार्ग दिसतो.