वाटेवरचा पाहुणा

मे महिन्यात सायबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यात बर्फ वितळू लागते आणि दक्षिणेकडे गेलेले पक्षी घरी परततात. तेथील शुभ्र क्रौंचांचा एक थवा हिवाळ्यात आपल्या भरतपूरला येत असे. १९६४-६५ साली ते सुमारे २०० होते. २००२ नंतर तेथे एकही दिसला नाही. वाटेवर झालेली शिकार हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. उत्तरेत वसंत आजही येतो, बदके परततात. भरतपूरहून निघणारे क्रौंच मात्र नाहीत.

जो आपल्याकडे राहत नाही, नुसता वाटेने जातो, त्याचे आपण काय देणे लागतो? कोणाच्या तरी घरचा वसंत आपल्या गावच्या तळ्यावर अवलंबून असतो. आलेल्याचे स्वागत सारेच करतात; जाणाऱ्याला सुखरूप जाऊ देणे, हाही दयाधर्मच होय.