जे थोडे असते ते आधी हरवते

जाणणाऱ्याचा काहीही अंश न मिसळता ज्ञान होऊ शकते का? वेदान्ताने हा प्रश्न विचारला, इमॅन्युएल कांटने १७८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही विचारला. मी औषधांच्या प्रयोगशाळेत विश्लेषक आहे. माझ्यापुढे तो एचपीएलसीच्या, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर उभा राहतो.

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीच्या रेणूत तीन फॉस्फेट गट असतात. लोखंड दिसले की ते त्याला धरतात. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचेही तसेच. आणि यंत्राच्या नळ्या, कॉलम, त्याच्या टोकांचे सच्छिद्र फ्रिट हे सगळे बहुधा स्टेनलेस स्टीलचे. स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो, पण तो सगळीकडे धड राहत नाही. मग काही रेणू भिंतीलाच अडकतात, काही रेंगाळत बाहेर पडतात. जिथे आलेखावर उंच, सरळ पीक, म्हणजे शिखर, यायला हवे तिथे बुटके, शेपूट ओढणारे पीक येते.

नमुन्यात संयुग भरपूर असेल, तर भिंतीने ठेवून घेतलेला वाटा कळतही नाही. पण ते अत्यल्प असेल तर सगळेच गडप होते आणि अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिले जाते. यंत्राचा दोष सगळ्यांना सारखा बाधत नाही. जे थोडे आहे त्याला तो आधी गिळतो.

एक सोयीची वाट आहे. त्याच संयुगाची दाट इंजेक्शने एकामागून एक द्यायची. भिंतीवरच्या जागा भरतात आणि पीक देखणे होते. मला या देखणेपणाची भीती वाटते. मनही असेच परिचयाच्या माणसांनी, आपल्याच मतांनी भरून निवते. त्यांना ते बिनतक्रार वाट देते आणि तेवढ्यावरून आपण स्वतःला निःपक्षपाती समजतो.

वेदान्ती स्फटिकाचा दृष्टान्त देतात. जास्वंदीचे फूल जवळ ठेवले की स्फटिक लाल दिसतो, फूल दूर केले की मुळातला स्वच्छपणा उघड होतो. साक्षी आत्म्याबद्दल मी हे श्रद्धेने मानते. पण रोज निवाडे करणारे मन मला स्फटिकासारखे वाटत नाही. ते नुसते रंग घेत नाही, समोरच्यातले काही ठेवूनही घेते.

उपाय आहेत. नायट्रिक आम्लाने स्टीलवरचा थर पुन्हा बांधता येतो. मोबाइल फेजमध्ये, म्हणजे नमुना वाहून नेणाऱ्या द्रवात, किंचित ईडीटीए घातले की ते धातूला आधीच गुंतवून ठेवते. मात्र पुढे मास स्पेक्ट्रोमीटर असेल तर तेच ईडीटीए संकेत दाबते. टायटॅनियमचे किंवा लेप दिलेले भाग बसवता येतात, पण तेही प्रत्येक संयुगासाठी तपासूनच वापरावे लागतात. उपायाचाही स्वतःचा ठसा उमटतो.

म्हणून शुद्ध ज्ञान ही एकदा मिळवून ठेवायची सिद्धी नव्हे, असे मी मानते. ती रोजची साधना आहे. ज्ञात प्रमाणाचे द्रावण पायरीपायरीने पातळ करत जायचे आणि दर पायरीला जितके घातले तितके परत आले का, हे पाहायचे. माझ्या न्यायबुद्धीलाही मी हीच कसोटी लावते. ज्यांचा आवाज मोठा आहे त्यांचे म्हणणे माझ्यापर्यंत पोहोचणारच. ज्याचे म्हणणे एका वाक्याएवढेच आहे, तेही दबकत मांडलेले, ते माझ्यातून पुरेपूर पार होते का? तसे होत नसेल, तर ‘मला काही आढळले नाही’ असे म्हणण्याचा अधिकार मला नाही.